धुळाच्या पाठीतल्या सुया

१

धुळा खाटेवर पालथा पडला होता आणि त्याच्या उघड्या पाठीत सुया उभ्या होत्या. खिडकीतून चैताचं ऊन आत आलं होतं. त्या उजेडात केसासारख्या बारीक सुया चमकत होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस निवांत झोपलाय.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या लीलाबाईलाही तसंच वाटलं. नळाला पाणी आलं म्हणून ती घागर घेऊन गेली होती. परत आली, घागर टेकवली आणि म्हणाली, "आवं धुळादा, कवा आलासा? डाक्टरास्नी हाक मारू व्हय?"

उत्तर आलं नाही. तिनं जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि किंकाळी फोडत ती रस्त्यावर पळाली.

साल चौऱ्याहत्तरचं. माधवनगरच्या गिरणीच्या मागच्या अंगाला डॉ. गोपाळकृष्ण आगाशे यांचा हा दोन खोल्यांचा दवाखाना होता. मिरजेला शिकलेला साधा डॉक्टर, पण कलकत्त्याला जाऊन सुया टोचून दुखणी घालवायची विद्या शिकून आला. मागावर उभं राहून कंबर गेलेले, मान धरलेले कामगार त्याच्याकडे यायचे. त्यांनी मिळून कामगार विमा योजनेकडे अर्ज केला होता : गोळ्या-औषधं विम्यात मिळतात, मग सुया का मिळू नयेत? त्याची चौकशी करायला योजनेच्या साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई नेमक्या त्याच दिवशी येणार होत्या.

डॉ. चारुशीला द्रविड दुपारच्या एसटीतून उतरल्या, तेव्हा दवाखान्यासमोर ही गर्दी. कुणीतरी दगड मारून खिडकीची काच फोडली होती. "बाहेर काढा त्या सुईवाल्याला!" असा ओरडा चालला होता. चारुशीलाबाई वाईच्या द्रविडांच्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. उजवा खांदा आखडल्यामुळे त्यांनी पिशवी डाव्या हातात धरली होती. एसटीतच त्यांनी आपल्या कागदावर एक शब्द लिहून टाकला होता : नामंजूर. सुयांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

दारात उभ्या फौजदारानं त्यांना ओळखलं आणि कडवट हसून म्हटलं, "बाईसाहेब, सुया बघायलाच आलात ना? या, बघा. माणूस मेलाय त्यानं."

२

फौजदारानं चोख काम केलं होतं. आल्या आल्या दाराला शिपाई लावला आणि कुणालाही मढ्याला शिवू दिलं नाही. डॉक्टर आगाशेला मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

"सुई फुप्फुसात गेली असणार," फौजदार म्हणाला. "याचं मढं आता सांगलीला नेतील, कापतील. त्यात काय निघेल ते निघो. मी दिवेलागणीपर्यंत थांबतो, मग डॉक्टरला घेऊन जातो. जास्त वेळ ठेवला तर हे लोक त्याला जिता सोडणार नाहीत."

चारुशीलाबाई खाटेपाशी वाकल्या. तिशी-पस्तिशीचा काटक गडी. सदरा नीट घडी करून उशाशी ठेवलेला. लेंगा कमरेवरून थोडा खाली ओढलेला. पायांचे तळवे वर होते. त्यांना कापसाची तूस चिकटली होती, पण रस्त्याची धूळ नव्हती. कमरेभोवती करदोट्याचा वळ होता. लहानपणापासून काळा दोरा बांधून पडलेली ती गुळगुळीत खोलगट रेघ. दोरा मात्र नव्हता. मणक्याच्या डाव्या बाजूला, बरोबर त्या रेघेत, एक सुई उभी होती.

'सुई टोचायला डॉक्टरनं काढून ठेवला असेल,' असं त्यांच्या मनात आलं आणि त्या पुढं सरकल्या. उजव्या तळहातावर काळं वंगण होतं. सुयांच्या भोवती कुठंही लाली दिसेना.

तेवढ्यात बाहेर हंबरडा उठला. धुळाची बायको रंगूबाई कुंडलला माहेरी गेली होती. निरोप मिळताच कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून आली होती. तिनं शिपायाला ढकललं आणि ती आत घुसली. नवऱ्याच्या पायांवर पडून तिनं जे रडणं मांडलं, ते ऐकून फौजदारानंही टोपी काढली. तिच्या मागोमाग दोन म्हाताऱ्या आणि एक दणकट पण खचलेला माणूस दारापर्यंत आला. तो अर्जुना, धुळाचा चुलतभाऊ. गिरणीत धुळाच्याच खात्यात जॉबर होता. माग चालू करणं, बंद करणं, दुरुस्ती बघणं ही त्याची कामं.

"आरं, सांगलीला न्ह्यायच्या आदी कुनीतरी त्येचा करदोटा तोडा रं," एक म्हातारी डोळ्याला पदर लावत म्हणाली. "तसाच ठिवू नगा."

"तोडलाय, आत्ती," अर्जुना पुटपुटला.

रंगूबाईनं अचानक मान वर केली. रडणं थांबलं होतं. तिनं चारुशीलाबाईंकडे रोखून पाहिलं. "तुमी इम्याच्या बाई न्हवं? तुमीच सांगा. ह्या डाक्टरनं माझा धनी मारला का न्हाई?"

"तपास होऊ दे," एवढंच चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं, हो, मारला.

३

मागच्या खोलीत डॉक्टर आगाशे स्टुलावर बसला होता. तिशीतला पोरगेला माणूस. दोन्ही हात मांड्यांमध्ये घट्ट धरले होते.

"मी त्याला आज पाहिलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "जेवायला घरी गेलो. घर पलीकडच्याच गल्लीत. बायको माहेरी आहे, एकटाच होतो. जेवलो, डोळा लागला. लीलाबाई ओरडली तेव्हा जागा झालो."

"म्हणजे साक्षीदार नाही."

"नाही."

"सुया तुमच्याच आहेत?"

"माझ्याच. उकळून ट्रेमध्ये फडक्याखाली ठेवलेल्या असतात. पण बाई, या जागा माझ्या नाहीत! दुखणं कमरेत, तर मी पायालाही टोचतो, गुडघ्यामागे टोचतो. आणि बरगड्यांवर इतक्या खोल मी कधीच जात नाही. हे कुणीतरी नुसत्या खुपसल्यात."

"हे कोर्टात कोण ऐकणार? तुमच्या जागा तुम्हालाच माहीत."

डॉक्टरनं मान खाली घातली. मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बरा होत आला होता तो. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा जरासा आखूड होता. त्यानं कंबर धरायची. मीच चांभाराकडून त्याच्या डाव्या चपलेला टाचेखाली कातड्याचा जादा थर लावून दिला. बूट घातलेला साहेब झालो म्हणायचा."

"करदोटा तुम्ही काढून ठेवलात?"

"कुणाचा?" डॉक्टर गोंधळला. "धुळाचा? छे! तो जागेवरच ठेवून मी त्याच्या वरखाली टोचतो."

दारात उभी असलेली लीलाबाई न राहवून आत आली. "मी सांगू का बाई? पयल्यांदा धुळादा आला तवा ह्येंनी म्हटलं, 'हा दोरा काढून ठेव.' धुळादा जो ताडकन उठला! 'तुमी मला आत्ताच मारताय व्हय?' म्हनला आन् सदरा खांद्यावर टाकून चालता झाला. मीच समजावून परत आनला. डाक्टरास्नी म्हटलं, आवं, जित्या मानसाचा करदोटा काडत न्हाईत. जुना झाला तर आदी नवा बांदायचा, मग जुना सोडायचा. मोकळी कंबर मढ्याची आसती."

"हो, असं झालं होतं," डॉक्टर म्हणाला. "तेव्हापासून मी कुणाच्याच दोऱ्याला हात लावला नाही."

चारुशीलाबाई उठता उठता थांबल्या. काहीतरी मनाला टोचत होतं, पण नीट हाती लागेना. बाहेर पुन्हा काच फुटली. फौजदार आत डोकावला.

"बाईसाहेब, गिरणीचे विव्हिंग मास्तर नानासो आवटी आलेत. मेलेल्याला शेवटचा जिवंत पाहणारा माणूस तोच."

४

नानासो आवटी हा मोठा नेटका माणूस. पांढरा शुभ्र शर्ट, केसांना तेल, चालताना उजवा गुडघा किंचित लंगडणारा. विणकाम खात्याची सगळी जबाबदारी त्याच्याकडे होती. तो बोलला तोही हळू, अदबीनं.

"जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, तसा धुळा माझ्यासमोरून मोठ्या गेटानं बाहेर पडला. मी म्हटलं, 'काय रं, निघालास का टोचून घ्यायला?' हसला बिचारा. मी किती सांगितलं, असल्या अघोरी उपायाला जाऊ नकोस. ऐकलं नाही."

"तुमच्या गुडघ्याला कुणाचं औषध चालू आहे?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

नानासोनं गुडघ्यावरून हात फिरवला. "एकदा-दोनदा आगाशेंकडेच आलो होतो. गुण नाही आला."

"धुळाच्या पायात चपला होत्या?"

"होत्या की!" नानासो हसला. "बाई, बाहेर डांबर पातळ झालंय. अशा उन्हात अनवाणी कोण बाहेर पडेल?"

"खरं आहे. मला त्याचं खातं दाखवाल?"

"तिथं काय आहे बघण्यासारखं? इथं तर..."

"दुखणं कशानं झालं होतं ते विम्याला लागतं," त्या म्हणाल्या. नानासोला नाही म्हणता येईना.

विणकाम खात्यात शिरताच कान बधिर झाले. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, फरशीवर पाणी शिंपडलेलं. ओल्या फरशीवर कामगार अनवाणी उभे होते. कापसाची तूस पावसाच्या भुरभुरीसारखी उडत होती. एक माग मात्र बंद होता. त्याच्या मोटारीचं झाकण काढलेलं होतं.

शेजारच्या मागावरचा गुंडा नावाचा विणकर, चारुशीलाबाई जवळ जाताच, माग सोडून पुढं आला. "बाई, लांब ऱ्हावा! त्यो चावतोय!"

"चावतो?"

"व्हय, हात लावला की झटका..." गुंडाची नजर नानासोवर गेली आणि त्याचं तोंड मिटलं. तो गुपचूप आपल्या मागाकडे वळला.

"दुरुस्तीला काढलाय," नानासो म्हणाला. "यांना बोलायला फार लागतं."

"धुळाचाच माग ना हा?"

"हो. योगायोग."

मागच्या बाजूला एक दार होतं. त्याच्यापाशी कापडाचे तागे वाहायची ढकलगाडी उभी होती. दार अर्धवट उघडं होतं. त्यातून बोळापलीकडे दवाखान्याचं मागचं दार आणि लीलाबाईची धुणं वाळत घातलेली दोरी अगदी समोर दिसत होती.

चारुशीलाबाईंनी ते पाहून घेतलं. त्या पुढच्या दारानं बाहेर आल्या. तिथं सावलीत कामगारांच्या चपला रांगेनं काढून ठेवल्या होत्या. टायरच्या, रबराच्या, कातडी. भोंगा वाजला. पाळी सुटली. माणसं लोंढ्यानं बाहेर आली, आपापल्या चपला पायात सरकवून दवाखान्याकडे पळू लागली. बघता बघता रांग संपली.

एक जोड उरला. चारुशीलाबाईंनी डाव्या हातानं त्यातली डावी चप्पल उचलली आणि उलटी केली. टाचेखाली कातड्याचा जादा थर होता.

त्यांनी मागं वळून पाहिलं. नानासो आवटी जागच्या जागी उभा होता आणि त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

५

दिवस कलला. फौजदाराची जीप दवाखान्यासमोर येऊन उभी राहिली होती. आगाशेला दोन शिपायांनी दंडाला धरून ओसरीवर आणलं, तसा जमाव पुढं सरकला.

"थांबा," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण बाईमाणूस जीपच्या आडवं उभं राहिलेलं पाहून लोक गप्प झाले. "फौजदारसाहेब, मला आधी रंगूबाईंशी बोलायचंय. सगळ्यांसमोर."

रंगूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. अर्जुना तिच्याजवळ उकिडवा बसला होता. नानासो जरा लांब, जीपच्या पलीकडे उभा होता.

"रंगूबाई, तुम्ही मला विचारलंत ते मी आता सांगते. पण आधी विम्याचं ऐका. पदरात मूल आहे ना?"

"एक पोरगी हाय, चार वर्साची."

"विम्यात कुठले उपचार बसतात याची यादी असते. सुया त्या यादीत नाहीत. म्हणजे धुळा सुयांनी गेला असेल, तर तो स्वतःच्या जबाबदारीवर, विम्याबाहेरच्या उपचारानं गेला. तुम्हाला आणि पोरीला विम्यातून काहीही मिळणार नाही."

जमावात कुजबुज झाली. अर्जुनानं मान वर केली.

"आणि कामावर असताना, यंत्रानं गेला असता तर?" चारुशीलाबाईंनी आता रंगूबाईकडे न बघता अर्जुनाकडे पाहिलं. "तर तुम्हाला जन्मभर पेन्शन. पोरगी मोठी होईतो तिलाही."

"न्हाई!" अर्जुना उभा राहिला. "आसं न्हाई. मास्तर तर म्हनलं..."

"अर्जुना!" नानासो ओरडला.

"काय म्हणाले मास्तर?" फौजदार पुढं आला. अर्जुनानं नानासोकडे पाहिलं. नानासोच्या नजरेनं त्याला जागीच खिळवलं होतं.

"मग मी सांगते," चारुशीलाबाई म्हणाल्या. "मास्तरांनी मला सांगितलं की धुळा चपला घालून गेटाबाहेर पडताना त्यांनी पाहिला. या त्याच्या चपला. खात्याच्या दारात होत्या. टाचेचा थर डॉक्टरांनीच लावून दिलाय, चांभाराला विचारा. धुळाच्या तळव्यांना कापसाची तूस आहे, रस्त्याची धूळ कणभर नाही. तो चालत दवाखान्यात आलाच नाही. त्याला आणलं. मागच्या दारानं, तागे वाहायच्या गाडीवरून. सदरा आठवणीनं आणला, पण पुढच्या दारातल्या चपला राहून गेल्या."

"बेशुद्ध पडला असेल, कुणीतरी इथं आणला असेल," नानासो म्हणाला. त्याचा आवाज अजून शांत होता. "मग डॉक्टरनं टोचलं आणि मेला. मारलं सुयांनीच."

जमाव पुन्हा गुरगुरला. चारुशीलाबाईंनी मान हलवली.

"मलाही दुपारी तसंच वाटलं होतं. पण धुळाच्या कमरेला करदोटा नाही. एक सुई त्या करदोट्याच्या वळात, बरोबर मधोमध टोचलीय. दोरा जागेवर असता तर ती तिथं जाऊच शकली नसती. म्हणजे आधी दोरा निघाला, मग सुई गेली. आता तुम्हीच सांगा, जिवंत धुळानं करदोटा काढू दिला असता?"

गर्दीतून लीलाबाईच म्हणाली, "त्यो तर उठून गेला आसता!"

"बरोबर. करदोटा मढ्याचा तोडतात. पहिली सुई टोचायच्या आधीच कुणाला तरी ठाऊक होतं की धुळा मेलाय. या सुया मेलेल्या माणसाला टोचल्यात, आणि मेलेल्याला सुई मारत नाही." त्या थांबल्या. "टोचणारा माणूस दगडाच्या काळजाचा. स्वतःच्या गुडघ्यात सुया घेतलेल्या, म्हणून ट्रे कुठं असतो ते त्याला माहीत. पण करदोटा त्यानं नाही तोडला. ते त्याच्या कामाचंच नव्हतं. तो तोडणारा धुळाच्या घरचा माणूस. मढं तसंच ठेवणं त्याला बघवलं नाही."

रंगूबाई हळूहळू उठली.

"दुपारी फौजदारांनी कुणाला शिवू दिलं नव्हतं," चारुशीलाबाई म्हणाल्या, आता फार हळू. "तरी आत्ती म्हणाल्या, करदोटा तोडा, तेव्हा दारात उभा असलेला एक माणूस म्हणाला, 'तोडलाय.'"

रंगूबाई अर्जुनासमोर जाऊन उभी राहिली. आता रडत नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "म्या तुमास्नी शिव्या देत न्हाई. काय झालं त्येबी इचारत न्हाई. त्येचा करदोटा कुठाय तेवढं सांगा. त्येच्यासंगं जळायला पायजे त्यो."

अर्जुनाचा हात डोक्याकडे गेला. त्यानं टोपी काढली, टोपीच्या घडीतून काळ्या दोऱ्याचा एक गुंडाळा काढला आणि रंगूबाईच्या हातावर ठेवला. आणि मग तो मोठा दणकट माणूस मातीत बसला.

"माग चावतोय म्हनून दादा रोज सांगत व्हता, वैनी. मास्तरनं सुट्टीतबी चालवायला लावला. म्हनलं, माल उद्या जायाचाय. मीच खटका दाबला, ह्या हातानं. दादानं मोटारीवर हात टेकला आन् पायाखाली पानी... हाकबी मारली न्हाई त्येनं."

"खोटं बोलतोय!" नानासो म्हणाला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना आता गिरणीचे विणकर उभे होते. गुंडा त्यांच्यात पुढं होता.

"मास्तर म्हनलं, खटका तू दाबलास, फास तुझ्या गळ्यात," अर्जुना बोलत राहिला. "म्हनलं, कामावर गेला आसं झालं तर गिरनीला टाळं, कुनालाच काय न्हाई. आजारपनात, दवाखान्यात गेला तर इमा वैनीला पैसं देतोय. मला काय ठावं, वैनी? इम्याचं मला काय ठावं? मला वाटलं, दादा तर गेला, निदान तुमचं आन् पोरीचं तरी..."

त्यानं कपाळ मातीला टेकलं. फौजदारानं शिपायांना खूण केली. त्यांनी आगाशेचे दंड सोडले आणि ते जीपच्या पलीकडे गेले.

नानासो पळाला नाही. लंगडत्या गुडघ्यानं तो कुठं पळणार होता?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी, साताऱ्याची एसटी यायच्या आधी, चारुशीलाबाई दवाखान्यात डोकावल्या. लीलाबाई काचा गोळा करत होती. आगाशे रिकाम्या खाटेकडे बघत उभा होता. रात्रभर झोपला नव्हता हे दिसतच होतं.

"धुळाचं प्रकरण कामावरचा अपघात म्हणून मी वर पाठवतेय," त्या म्हणाल्या. "गुंडा आणि इतर चौघं माग चावत होता अशी साक्ष देणार आहेत. रंगूबाईंना पेन्शन मिळेल."

"आणि माझ्या सुया?" डॉक्टरनं विचारलं. "त्यांनी माणूस मारला नाही, हे तर तुम्हीच दाखवून दिलंत."

"मारला नाही, हे कळलं. बरं करतात, हे अजून कळायचंय. यादी त्यावर बनते, डॉक्टर."

आगाशे थकून हसला. "तुमचा खांदा किती दिवस असा आहे?"

"माझ्या खांद्याचा इथं संबंध नाही," असं म्हणून त्या बाहेर पडल्या.

थांब्यावर रंगूबाई उभी होती. सांगलीहून मढं परत आल्यावर रात्रीच अग्नी देऊन झाला होता. कडेवर झोपाळलेली पोरगी होती. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या चपला होत्या. फौजदारानं पंचनामा करून त्या परत दिल्या होत्या, की तिनंच भांडून घेतल्या होत्या, कोण जाणे.

"बाई, तुमी इम्याचं लिवनार हाय न्हवं? सुयांचं?"

"हो."

"मग एक लिवा. दोन वर्सं माझा धनी पोरीला उचलत नव्हता. वाकलं की वरडायचा. यंदाच्या पाडव्याला त्येनं हिला खांद्यावर घेतली आन् गुढी दाखवाया सगळ्या चाळीतनं फिरवली. उतरवायलाच तयार नव्हता. मी म्हटलं, आवं, परत धरंल कंबर. तर म्हनला, धरू दे, डाक्टर हाय." रंगूबाईनं पोरीला कडेवर सावरून घेतलं. "त्यो गेला त्येचा दोष सुयांवर जाऊ नये. धन्यानंच सांगितलं आसतं, पन त्येला आता सांगता येत न्हाई. म्हनून मी सांगतीया."

एसटी आली. चारुशीलाबाई खिडकीशी बसल्या आणि डाव्या हातानं पिशवीतून कागद काढला. वर तोच शब्द होता : नामंजूर. उजवा खांदा ठणकत होता, पेन धरवत नव्हतं. तरी त्यांनी ते उजव्याच हातात घेतलं, तो शब्द खोडला आणि खाली लिहायला सुरुवात केली :

'रोगी धुळा, विणकर. कंबरदुखी, दोन वर्षं. उपचारानंतर पाडव्याच्या दिवशी चार वर्षांची मुलगी खांद्यावर घेऊन चाळभर फिरला. साक्ष : पत्नी.'

गाडी हलली. रंगूबाई अजून थांब्यावरच उभी होती. पोरगी जागी होऊन खांद्यावर चढायचा हट्ट करत होती, आणि रंगूबाईनं चपलांचं फडकं खाली ठेवून तिला वर उचललं.